भाताची खाचरं पाहायला कधी जावं आणि कुठे उभं राहावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बाली आणि व्हिएतनाममधल्या डोंगरउतारावरच्या भातशेतीचे फोटो तुम्ही पाहिलेत आणि पुढेमागे तिकडे जायचं मनात आहे. त्याआधी नाशिकहून एका दिवसात असं काही पाहता येईल का? सोबत शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई. मुलांना चिखलात उतरून भात लावायचा आहे. मागच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी निघालात, तर धबधब्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेतच दिवस गेला.

पाहता येईल, आणि फार लांबही जायला नको. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा आपल्या जिल्ह्याचा सगळा पश्चिम पट्टा भाताचा आहे. माझी कृषी खात्यातली बरीचशी नोकरी इगतपुरी-त्र्यंबक भागात गेली, आणि निवृत्तीनंतरही पावसाळ्यात शाळांना, कुटुंबांना मी खाचरं, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भातशेतं, दाखवायला नेतो. त्या सगळ्यातून एकच सांगतो: जागा नंतर ठरवा, आधी तारीख ठरवा. आणि ती सुट्टी बघून ठरवू नका, भात बघून ठरवा.

कारण खाचर दर पंधरवड्याला रूप बदलतं. वैशाखात जाल तर राब, म्हणजे पालापाचोळा पसरून, भाजलेली काळी जमीन आणि वाळलेले बांध. मृगाच्या पावसावर वाफ्यात भात पेरतात, तेव्हा गावात पोपटी रंगाचे छोटे छोटे चौकोन तेवढे दिसतात, बाकी सगळं उघडं. रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं झालं की ते उपटून खाचरात लावायचं. तिकडे त्याला आवणी म्हणतात. आर्द्रा सरता सरता सुरू होते आणि पुनर्वसू, पुष्य या नक्षत्रांत जोरात असते, म्हणजे जुलैभर. पाऊस लांबला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही जाते.

तुम्ही फोटोत जे पाहिलंय, पाण्याने भरलेल्या पायऱ्या आणि त्यात उतरलेलं आभाळ, ते आपल्याकडे फक्त याच दिवसांत दिसतं. चिखलणी झाली, म्हणजे पाण्यात नांगरून मातीचा गाळ केला, फळी फिरवून गाळ सपाट केला, पाणी निवळलं, की खाचर चकचकीत होतं. रोप लावल्यावर सुरुवातीला पाणी जेमतेम दोन-तीन बोटं ठेवतात, रोपं विरळ आणि किंचित पिवळट दिसतात, मधून पाणी चमकत असतं. दोन-तीन आठवड्यांत फुटवे येतात आणि पाणी झाकून जातं. म्हणजे एकेका खाचरासाठी हा काळ फार थोडा असतो. पण सगळ्या गावाची आवणी एका दिवशी होत नाही, त्यामुळे बेत जमतो. ज्या गावात जायचं तिथल्या कोणाला तरी फोन करा आणि एवढंच विचारा: 'आवणी कुठवर आली?' 'निम्मी झाली' असं उत्तर आलं की निघा. भरलेली खाचरं, लावलेली खाचरं आणि चिखलणी चाललेली खाचरं एकाच नजरेत येतात. पाऊस कसाय हे विचारून उपयोग नाही, तिकडे तो असतोच. नाशिक शहरात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या घरात. घाटमाथ्यावर ढग अडतात आणि पूर्वेला जाता जाता रिकामे होतात.

त्याच पावसामुळे जुलैत एक अडचण येते. धुकं आणि संततधार असली तर समोरचा डोंगरही दिसत नाही. म्हणून आवणीच्या दिवसांत डोंगराची आशा ठेवून जाऊ नका, जवळचं पाहायला जा. कळसूबाईची रांग मागे उभी आणि पुढे उतरती हिरवी शेतं असं चित्र हवं असेल, तर मघा सरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जावं. उघडीप मिळते, भात गुडघ्याच्या वर आलेला असतो, वारा सुटला की खालच्या खाचरापासून वरच्या खाचरापर्यंत लाट चढत जाते. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा. सासूबाई बरोबर असताना तर नक्कीच.

या दिवसांतली एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. सप्टेंबरमध्ये भात पोटरीतून निसवतो, म्हणजे लोंबी बाहेर पडते. ऊन असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एखाद्या लोंबीजवळ बसा, हात न लावता. प्रत्येक दाण्याचं टरफल दोन्ही बाजूंनी किंचित उघडतं आणि आतून पिवळसर पांढरे बारीक तुरे बाहेर लोंबतात. तेच भाताचं फूल. तासाभरात टरफल पुन्हा मिटतं, तुरे बाहेरच लटकत राहतात, आणि आत दाणा भरायला लागतो. ताटातल्या भाताचं प्रत्येक शीत असं एकदाच उघडून मिटलेलं आहे, हे मुलांना तिथे बसल्यावर जसं कळतं तसं पुस्तकातून कळत नाही. त्या वेळी बांधावरून धक्के मारत, रोपं हलवत चालायचं नाही, हेही तिथेच सांगावं.

तिसरा काळ हस्त-चित्रा नक्षत्रांचा, ऑक्टोबरचा. खाचरं पिवळी पडतात आणि वरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारांवर खुरासणी हे तेलबियांचं पीक फुललेलं असतं. खाली भाताचा सोनेरी रंग, वर खुरासणीचा झगझगीत पिवळा, मधल्या पट्ट्यात नागली आणि वरई. आमच्या भागाची ही उतरंड फार कमी लोक बघतात, कारण पावसाळी सहलींचा मोसम तेव्हा संपलेला असतो. रस्ते मोकळे, आभाळ धुतलेलं. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, जातींची सोंगणी (कापणी) आधी सुरू होते. इंद्रायणीसारखा भात १३५ ते १४० दिवसांचा, तो दिवाळीच्या आसपास येतो. परतीचा पाऊस मात्र याच वेळी गाठतो. कापून पसरलेल्या भातावर पाऊस आला की दाण्याला कोंब फुटतात, वर्षाची मेहनत जाते. अशा दिवशी गावात गेलात तर फोटोचा विषय काढू नका. पेंढ्या उचलून आडोशाला न्यायला चार हात लागत असतात, ते द्या.

आता जागा. नाशिकहून मुंबई महामार्गाने घोटी गाठा. ही भाताची जुनी बाजारपेठ, भातगिरण्यांचं गाव. तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना खाचरं सुरू होतात आणि पुढे बारी घाट चढला की १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर डोक्यावर येतं. बारी आणि भंडारदरा अकोले तालुक्यात, म्हणजे जिल्हा बदलतो, शेती तीच. दुसरी वाट इगतपुरीहून भावली धरणाकडे आणि पुढे अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या पायथ्याच्या कुरुंगवाडी-आंबेवाडी भागाकडे. कड्यांच्या अगदी खालपर्यंत गेलेली खाचरं बघायची तर हा भाग मला सगळ्यांत आवडतो. भावलीच्या धबधब्यांवर मात्र शनिवार-रविवारी उसळणारी गर्दी तुम्ही अनुभवली आहेच. मधल्या वारी निघा, सकाळी आठच्या आत घोटी सोडा. पावसाचा जोर असताना प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं, तोही आदल्या दिवशी बघून घ्या.

सासूबाईंसाठी मी त्र्यंबक ते घोटी हा रस्ता सुचवेन. त्र्यंबकेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर ते सकाळीच उरकून पहिने, देवगाव, वैतरणेचा जलाशय असं करत घोटीला उतरायचं. खाचरं रस्त्याला लागून आहेत, उतार मंद आहे, गाडीतून न उतरताही त्यांना पुष्कळ दिसेल. गाडी थांबवताना डांबरी कडेच्या ओल्या मातीवर चाक घालू नका, रुततं. आणि चिखलणीचे ट्रॅक्टर रस्त्यावर गाळ सांडत जातात, त्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते. वेग कमीच ठेवा.

फोटोतल्यासारख्या पायऱ्या रस्त्यावरून मात्र दिसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. फिलिपिन्समधल्या इफुगावच्या खाचरांना दगडांच्या उंच भिंती आहेत. ती खाचरं १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिथे उभा डोंगर कोरलेला आहे. आपल्याकडे दऱ्या रुंद आणि उतार सौम्य, म्हणून बांध बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत, फार तर गुडघ्याएवढे, आणि जास्त उताराला तेवढी दगडी ताल, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध. समोरून बघितलं तर सपाट शेत वाटतं. थोडं वर चढून खाली बघितलं की बांधांच्या वाकड्या रेषा उलगडतात. मुलांना घेऊन त्रिंगलवाडीच्या किल्ल्यावर जा, उघडीप असलेल्या दिवशी. पायथ्याशी तलाव, वाटेत जैन लेणं, आणि वरून खालची खाचरं एकामागे एक दिसतात. पावसात खडक निसरडे होतात. त्या दिवशी अर्ध्यावरून परत फिरणं चांगलं, खाचरं तिथूनही दिसतात.

शेतात पाय कुठे ठेवायचा हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा भाग. बांध ही पायवाट दिसते, पण आवणीच्या दिवसांत ती शेताची सगळ्यांत नाजूक जागा असते. चिखलणीच्या वेळी शेतकरी बांध छाटून त्याला आतल्या बाजूने गाळ लिंपतो, म्हणजे पाणी झिरपू नये. तो लिंप ओला असताना कडेवर पाय पडला की कड ढासळते. वरच्या खाचराचं पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात, तिथून आणखी खालच्यात जातं. ते तोंड किती उघडायचं हे त्या त्या दिवशीच्या पावसावर ठरतं. भलतीकडून बांध फुटला तर वरचं पाणी जातं, त्याबरोबर टाकलेलं खत जातं, आणि खालच्याची नुकती लावलेली रोपं आडवी होतात. खालचं खाचर बऱ्याचदा दुसऱ्या घरचं असतं.

खेकडेही बांध पोखरतात. पावसाळ्यात सकाळी गावातला एखादा म्हातारा बांधावरून हळूहळू चालताना दिसेल, मान खाली, हातात कुदळ. पाणी बारीक फिरताना दिसलं की तो थांबतो, बोटाने बिळाचं तोंड चाचपतो, दगडाचा तुकडा आत सारतो, वर गाळाचा गोळा ठेवतो आणि टाचेने दाबतो. मग पलीकडच्या बाजूला जाऊन पाणी थांबलं का ते बघतो. असं रोज. तेव्हा जायचंच असेल तर असा कोणी घरधनी बरोबर घ्या, तो पुढे चालेल तिथेच पाऊल टाका, एकामागे एक, बांधाच्या मधोमध. फोटोसाठी बांधावर रांगेने उभं राहणं नको.

मुलांना भात लावायचाय, ही इच्छा मला फार आवडली. पण त्यासाठी कुणाच्या ओळखीने, आधी विचारून जा. आवणी बऱ्याच घरांत सावडीने चालते. आज सगळे याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ज्या दिवशी ज्याची पाळी त्या दिवशी त्याचं सगळं खाचर पुरं व्हायलाच हवं, नाहीतर उपटलेलं रोप मलूल पडतं. तिथे अचानक गाडीभर माणसं उतरली की आठ-दहा बायांचं काम थांबतं. आधी सांगितलंत तर घरधनी एखादा कोपरा मुलांसाठी ठेवतो. जेवणाचे किंवा वेळेचे पैसे आधीच मोकळेपणाने ठरवा, संकोच करू नका.

लावायची पद्धत मुलांना आधी घरीच सांगा. रोपांची मूठ डाव्या हातात, अंगठ्याने दोन-तीन रोपं सुटी करायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी मुळाशी धरून सरळ गाळात, फार तर एक इंच. नवशिके खोल दाबतात, मग फुटवे कमी येतात. लावत लावत मागे सरकायचं, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. काही शेतांत खुणा केलेली दोरी ताणलेली दिसेल आणि दोन ओळी जवळ, मग मोकळी जागा अशी रचना असेल. ती चारसूत्री पद्धत. त्या चार-चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या, मध्ये खताची गोळी खोचतात. तिथे मुलांनी मनाने कुठेही रोप लावायचं नाही.

पायाला जखम, चिरलेली टाच, खाजवून फोडलेला डास-चावा असेल तर चिखलात उतरवू नका. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. उतरल्यावर स्वच्छ पाण्याने साबण लावून पाय धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'भाताच्या चिखलात उतरलो होतो' हे सांगायचंच. बांधाच्या गवतात साप असतात, सोंगणीच्या वेळी जास्त. चालताना बंद बूट, चिखलात अनवाणी, आणि दगडाच्या फटीत हात घालायचा नाही.

फोटोंबद्दल एक विनंती. आवणी करणाऱ्या बाया भिजलेल्या असतात, ओचे खोवलेले, पाठ वाकलेली. मागून, लांबून, न विचारता फोटो काढू नका. आधी बोला, त्या विश्रांतीला बांधावर बसल्या की चहा बरोबर घ्या. त्यांना हवा असेल तर स्वतःच उभ्या राहतात. त्या गातात तेव्हा फोन खिशात ठेवून नुसतं ऐकलंत तर जास्त ऐकू येईल.

मुक्काम करायचा असेल तर ज्या घरात अजून शेती होते तिथे करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. हे मी आवर्जून सांगतो, कारण महामार्गालगतची खाचरं विकत घेऊन त्यांवर मुरूम टाकून प्लॉट पाडणं सतत चालू आहे. त्या बंगल्यांच्या जाहिरातीत समोरच्या खाचरांचाच फोटो असतो. गाळाचा तो थर पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवून साचलाय, एकदा मुरमाखाली गेला की परत येत नाही, आणि वरचं पाणी मग वाट फुटेल तिकडे धावतं. तुम्ही दिलेले मुक्कामाचे पैसे शेती करणाऱ्या घरात गेले, तर त्या घराला खाचर राखायला एक कारण मिळतं.

परदेशाच्या सहलीलाही हाच हिशोब लावा, फक्त पाणी कुठून येतं ते बघून. आपली खाचरं पावसावर, म्हणून पाण्याचा आरसा जुलैत. जानेवारीत त्याच जमिनीत ओलीवर हरभरा, मसूर, वाल असतो. चीनच्या युन्नान प्रांतातल्या हानी लोकांच्या खाचरांना वरच्या जंगलातले झरे वर्षभर पाणी देतात, ती हिवाळ्यातही भरलेली असतात, म्हणून तिथे आरसा बघायचा तर डिसेंबर ते मार्च. व्हिएतनामच्या उत्तरेला सा पा, मू कांग चाय या भागात पाणी सोडतात मे-जूनमध्ये आणि भात पिकतो सप्टेंबरच्या सुमारास. बालीत सुबक नावाच्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या देवळांच्या साक्षीने पाणी वाटून घेतात, आळीपाळीने पिकं घेतात, त्यामुळे कधीही गेलात तरी काही ना काही हिरवं सापडतं. तुमच्या मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतील तर सा पाचा विचार महिन्याच्या अखेरीला करा.

तांदूळ घ्यायचाय असंही तुम्ही लिहिलंय. सप्टेंबरमध्ये ज्या घरी जेवाल, तिथेच सांगून ठेवा आणि दिवाळीनंतर आणायला जा. नवी इंद्रायणी घरी आली की नेहमीपेक्षा कमी पाण्यात शिजवा, नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि आसट होतो. सासूबाईंना तसाच मऊ भात आवडत असेल तर लगेच वापरा, मोकळा हवा असेल तर काही महिने जुना होऊ द्या. हातसडीचा हवा असेल तर आगाऊ सांगावं लागेल, आता बहुतेक सगळ्यांचा भात गिरणीतच जातो.